सरांचं नाव मीच का काढलं

तुम्ही विचारलंत म्हणून. जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर, मीटपमध्ये, एकदा तर लग्नाच्या पंगतीत: "ज्यांनी तुला कर्नलचा पहिला पॅच लिहायला शिकवलं, त्यांचंच नाव मेंटेनर्स फाइलमधून काढलंस?" हो, काढलं. (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, पॅच म्हणजे त्यात सुचवलेला बदल, आणि मेंटेनर्स फाइल म्हणजे त्याचा कुठला भाग कोण सांभाळतं याची यादी.)

ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कर्नलमधला कोड, एका जुन्या यूएसबी उपकरणाचा. तो सांभाळणारे, बदलांना होकार देणारे मेंटेनर सर; मी नुसती रिव्ह्यूअर, बदल तपासणारी. एका मुलाने दुरुस्ती पाठवली. काम चालू असताना केबल उपटली की मोकळी केलेली मेमरी ड्रायव्हर पुन्हा वापरायचा आणि मशीन कोसळायचं. चार ओळींचा पॅच. चूक आधीच्या कुठल्या कमिटमधून (नोंदवलेल्या बदलातून) शिरली ते सांगणारी 'फिक्सेस'ची ओळही नीट. पॅच कुणाला पाठवायचा हे स्क्रिप्ट त्याच मेंटेनर्स फाइलमधून काढते, तिने सरांचा पत्ता दिला. सर गप्प. मुलाने आठवण केली. मी तपासल्याचं 'रिव्ह्यूड-बाय' दिलं, पण वरचे मेंटेनर सरांच्या होकारासाठी थांबले. एक अख्खं रिलीज, म्हणजे नऊ-दहा आठवडे, असंच गेलं. मेनलाइनमध्ये, म्हणजे कर्नलच्या मुख्य शाखेत, आल्याशिवाय दुरुस्ती आधीच्या रिलीजांच्या स्टेबल शाखांमध्ये जात नाही, त्यामुळे जुनं एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारं रिलीज) वापरणारेही तसेच अडकलेले. शेवटी त्या मुलाने लिहिलं, "हा ड्रायव्हर कुणी बघतं का?"

सरांना मेल केली. पुन्हा केली. मग मेंटेनर्समधली त्यांची ओळ काढून नाव क्रेडिट्स फाइलमध्ये, म्हणजे योगदान दिलेल्यांच्या यादीत, घालणारा पॅच लिहायला बसले. डिफमध्ये (काय बदललं ते दाखवणाऱ्या उताऱ्यात) काढलेल्या ओळीच्या वजाचिन्हापुढे त्यांचं नाव. कमिट मेसेजात 'इतक्या वर्षांच्या कामाबद्दल आभार' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. आभारसुद्धा निरोपासारखे वाटत होते. सीसीमध्ये सरांचा पत्ता ठेवला आणि पाठवून दिलं.

ऑक्टोबर 2024 मध्ये कर्नलचे एक वरिष्ठ मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 'कायदेशीर पूर्तता' एवढंच कारण देऊन रशियाशी संबंधित दहा-बारा मेंटेनरांची नावं काढली आणि लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी त्यांची बाजू घेतली, तेव्हा तावातावाने भांडणारी मीच होते. नाव असं काढतात का, म्हणून. आता म्हणते, तिथे निर्बंधांचा प्रश्न होता, इथे कामाचा. पण ज्याचं नाव जातं त्याला यात काय फरक पडतो, हे तेव्हाच्या मला अजून पटवता आलेलं नाही. दुसरे जुने मेंटेनर ख्रिस्तोफ हेलविग यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये, कर्नलमध्ये रस्ट ही भाषा वापरण्याच्या वादानंतर, डीएमए मॅपिंग या कर्नलच्या भागातून आपलं नाव आपणच काढलं. सरांनी तेवढं केलं असतं तर मी सुटले असते. हे स्वार्थी आहे, माहीत आहे.

फोन का केला नाही, हा तुमचा पुढचा प्रश्न. नंबर होता. "थांब जरा, बघतो," म्हणाले असते, आणि मी थांबले असते. म्हणूनच नाही केला.

दुरुस्ती पुढच्याच आरसीत (रिलीजआधीच्या चाचणी आवृत्तीत) गेली. सरांचं उत्तर नाही. आता नोंदीत माझं एकटीचं नाव आहे, जोडीला दुसरं हवंय. विचारणाऱ्यांपैकी एकानेही आजवर त्या ड्रायव्हरचा एक पॅच वाचलेला नाही.