एवढंसं कुत्रं कशाला पाळलंत? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

आमच्या छोट्या मिरीला घेऊन खाली उतरलं की इथं बेळगावात दुसऱ्या रेल्वे गेटपर्यंत पोचायच्या आत कुणीतरी विचारतंच, "एवढंसं कुत्रं कशाला ओ पाळलासा, पाळायचं तर मुधोळ पाळायचा की." भाजीवाल्या मावशी विचारतात, रिक्षावाले विचारतात, शाळेला चाललेली पोरं मराठीत विचारून भागलं नाही तर कन्नडमध्ये विचारतात, इष्टु सण्ण नायी, म्हणजे एवढं लहान कुत्रं? आणि खानापूर बाजूला शेती करणारे आमचे पाहुणे तर दर जत्रेला जेवणं झाली की हाच विषय काढतात, हिचा उपयोग काय म्हणून. रस्त्यात उभं राहून सांगायला गेलं तर अर्धंच सांगून होतं, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आधी मुधोळ कुत्र्याचं बोलू, कारण तो मुद्दा खरा आहे. मुधोळ गाव आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात, घोरपडे राजांनी ही जात जपली, इंग्लंडच्या राजापर्यंत नेली, 2005 साली तिच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं, 2016 मध्ये लष्करानं ही कुत्री ट्रेनिंगसाठी मेरठला नेली. मला अभिमानच आहे त्याचा. पण ते पळणारं कुत्रं आहे, वीस-पंचवीस किलोचं, सशामागं धावायला जन्मलेलं, त्याला रान पाहिजे. आमचा टिळकवाडीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि त्याला फिरवणार कोण, तर माझे बाबा, ज्यांचे गुडघे जिना उतरतानाच कुरकुर करतात. मुधोळनं एक झटका दिला तर बाबा रस्त्यावर आडवे. त्या कुत्र्यालाही दिवसभर गॅलरीत कोंडून ठेवणं म्हणजे पापच.

बाबांचं थोडं सांगावं लागेल, कारण मिरी त्यांच्यासाठीच आली. वडगावात आमचे माग होते, पॉवरलूम. बाबा तरुणपणापासून त्या खडखडाटात. ज्यांनी मागाची शेड आतून बघितलीय त्यांना सांगायला नको, आत शेजारच्या माणसाशीसुद्धा ओठ बघून बोलायचं, आणि कानाला कापसाचा बोळा लावणंही कुणाला माहीत नव्हतं. तर बाबांचे कान गेले, पूर्ण नाही पण बरेच. आई गेल्यावर आणि माग विकल्यावर ते आमच्याकडं राहायला आले. मशीन घेऊन दिलं कानाला, पण ते लावलं की सगळंच एकदम अंगावर येतं म्हणतात आणि काढून कपाटात ठेवतात. आम्ही दोघं कामावर, पोरगा कॉलेजला. दिवसभर बेल वाजली तरी कळायची नाही, कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या नाहीत, एकदा गॅसवाला दार बडवून बडवून परत गेला. आणि त्याहून वाईट म्हणजे बोलणंच कमी झालं होतं त्यांचं. वडगावात दारात बसलं की दहा जण येऊन बसायचे, इथं कोण येणार.

मिरी टॉय पॉम आहे, म्हणजे खरी छोटी पामेरियन. आपल्याकडं ज्याला सरसकट पॉम म्हणतात, ते पांढरं, प्रत्येक गल्लीत एक असायचं ते, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं, त्याहून बरंच मोठं आणि आपल्या हवेला सरावलेलं. खरं पामेरियन दोन ते साडेतीन किलोत संपतं. मिरी अडीच किलोची. तिला कुणी काही शिकवलं नाही, पण बेल वाजली की ती दाराकडं पळते, भुंकते, परत बाबांकडं येते, त्यांच्या पायावर पंजे आपटते, परत दाराकडं. कुकर झाला की तसंच. बाबा उठेपर्यंत सोडत नाही. आता हा उपयोग नाही तर काय ओ? परदेशात कमी ऐकू येणाऱ्या माणसांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्था आहेत आणि तिथं लहान चणीची कुत्री मुद्दाम घेतात, कारण या कामाला ताकद नाही लागत, कान आणि सतत माणसाकडं असलेलं लक्ष लागतं. तिबेटातल्या मठांतही तशीच वाटणी होती म्हणतात, बाहेर राखणीला भलामोठा मास्टिफ आणि आत एवढंसं ल्हासा अप्सो, ज्याचं काम एवढंच की चाहूल लागली की ओरडायचं. छोटी कुत्री उगाच भुंकतात ही तक्रार मला कळते, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी केलीय ती, आणि दुपारी विनाकारण भुंकणं आम्ही हळूहळू बंद केलं, लक्षच द्यायचं नाही आणि गप्प बसली की खाऊ. पण बेलचं भुंकणं राहू दिलं.

बाबांना सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट वेगळीच आहे. यॉर्कशायर टेरियर म्हणून एक कुत्रं असतं, रेशमासारखे लांब केस, डोक्यावर रिबन, बघितलं की वाटतं श्रीमंत बायकांच्या पर्समधलंच हे. पण ते मूळचं विणकरांचं कुत्रं. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे विणकर पोट भरायला इंग्लंडात यॉर्कशायरच्या गिरण्यांकडं आले, येताना आपली छोटी टेरियर घेऊन आले, आणि गिरणीत, खाणीत उंदीर मारायला ती कुत्री सोडायची. 1865 मध्ये जन्मलेला हडर्सफील्ड बेन नावाचा एक कुत्रा, सहाच वर्षं जगला, पण आजच्या सगळ्या यॉर्कींचा मूळपुरुष त्यालाच मानतात. हडर्सफील्ड म्हणजे कापडाचंच गाव. हे बाबांना सांगितलं (त्यांच्या कानाशी जाऊन, मोठ्यानं) तर ते किती वेळ मिरीकडं बघत बसले, आणि मग म्हणाले, "मग हे आपल्यातलंच की गं." आमच्या शेडमध्ये उंदरांनी बीमवरचं, म्हणजे मागाच्या रुळावरचं, सूत कुरतडलं की अख्ख्या आठवड्याची मजुरी जायची. मांजरं पाळली होती आम्ही, पण मांजर मनात आलं तरच काम करतं. मिरी काही यॉर्की नाही, तिचे पूर्वज थंड मुलखातले, घसरगाडी ओढणारे स्पिट्झ, चांगले दांडगे. पण बाबांच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच, आता ते वडगावच्या जुन्या मंडळींना फोनवर ओरडून हेच सांगतात.

पॉम एवढी लहान कशी झाली तर त्यात व्हिक्टोरिया राणीचा मोठा हात. 1888 साली ती फ्लॉरेन्सला गेली होती, तिथून मार्को नावाचं छोटं पॉम घेऊन आली, साधारण साडेपाच किलोचं, आणि राणीकडं आहे म्हटल्यावर सगळ्यांना लहानच पाहिजे झालं. 1901 मध्ये ती शेवटची आजारी होती तेव्हा तिनं आपल्या टुरी नावाच्या पॉमला पलंगावर आणायला लावलं होतं. एवढ्या मोठ्या साम्राज्यावर राज्य केलेली बाई, शेवटी उशाशी पाहिजे होतं ते एक छोटं कुत्रं. हे मला आमच्या घरात रोज दिसतं म्हणून पटतं. बाबा दुपारी पडले की मिरी त्यांच्या काखेत, आणि मोठ्या कुत्र्याला ही जागा घेताच येत नाही, कितीही प्रेमळ असलं तरी. मांडीवर बसणं हे या कुत्र्यांचं काम आहे, शेकडो वर्षं त्यासाठीच निवडून निवडून वाढवलेली आहेत ती.

काहीजण म्हणतात हे निसर्गाविरुद्ध आहे, माणसानं लांडग्याचं खेळणं केलं. पूर्ण खरं नाही ते. कुत्र्याच्या आकाराशी संबंधित एक जीन आहे, आयजीएफ-वन, 2007 मध्ये ते सापडलं, आणि 2022 मध्ये असं कळलं की लहान आकाराशी जोडलेला त्याचा प्रकार 54,000 वर्षांपूर्वीच्या सायबेरियातल्या एका लांडग्यातसुद्धा होता. म्हणजे लहानपण आधीपासून होतंच, माणसानं ते उचलून पुढं नेलं. कुठपर्यंत नेलं हा मात्र प्रश्न आहे आणि तिथं मी विचारणाऱ्यांच्या बाजूनं आहे. "टीकप पॉम", "टीकप चिवावा" म्हणून मोबाईलवर फोटो येतात, कपात बसलेलं पिल्लू. टीकप नावाची कुठलीही जात नाही, कुठलाही केनेल क्लब, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था, ती मानत नाही. सगळ्यात अशक्त पिल्लं एकमेकांशी लावून किंवा पिल्लाला आईपासून फार लवकर तोडून आणि कमी वयाचं आहे हे लपवून ते विकतात. टाळू नीट न भरलेली, डोक्यात पाणी झालेली, गुडघ्याची वाटी सरकणारी पिल्लं त्यात निघतात. 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. कृपा करून हे विचारा. मिरी आम्ही निपाणीच्या ओळखीच्या घरातून आणली, तिची आई बघितली, बाप बघितला, आई अंगणात उड्या मारत होती, तेवढं बघूनच बाबा हो म्हणाले.

आता जे फक्त "किती क्यूट" म्हणून विचारतात त्यांच्यासाठी. लहान कुत्र्याच्या अंगात साठा नसतो. पिल्लू असताना चार-पाच तास उपाशी राहिलं तर शुगर उतरते, लडखडायला लागतं, डोळे फिरवतं. थोडं थोडं चारपाच वेळा खायला घालायचं आणि घरात ग्लुकोज नाहीतर मध ठेवायचा, हिरड्यांना चोळायचा आणि डॉक्टरकडं पळायचं. गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस पाहिजे, कारण यांची श्वासनलिका नाजूक असते, ओढून ओढून चपटी होते आणि मग बदकासारखा खोकला लागतो. सोफ्यावरून उडी मारू द्यायची नाही, पुढच्या पायाची हाडं काडीसारखी असतात, मोडली की लवकर जुळत नाहीत. आम्ही सोफ्याला पायरी करून घेतली सुताराकडून. दात, हे कुणीच सांगत नाही, मुधोळला बेचाळीस दात आणि मिरीलाही बेचाळीसच, पण जबडा एवढासा, मग दाटी होते, दुधाचे दात पडत नाहीत, अन्न अडकून कुजतं. ब्रश करायचा, रोज. कुत्र्याचा पेस्ट, आपला नाही.

आणि खायला घालणारी माणसं. बेळगावची माणसं प्रेमानं मारतील कुत्र्याला. कुंद्याचा, आपल्या दुधाच्या मिठाईचा, एक चमचा दिला तर काय होतंय म्हणतात, अडीच किलोच्या अंगाला तो चमचा किती होतो याचा हिशोब करा. शिऱ्यातला बेदाणा तर अजिबात नको, बेदाणे, द्राक्षं कुत्र्याची किडनी घालवू शकतात, कांदा रक्त बिघडवतो, चॉकलेट विषच. मोठं कुत्रं कदाचित पचवून जाईल तेवढ्यात हे जातं.

पावसाळा हा आमचा सगळ्यात त्रासाचा काळ. जूनला झड लागली की सप्टेंबरपर्यंत काही वाळत नाही, तसंच मिरीचे केसही. दोन थर असतात, वरून कोरडं वाटलं तरी आत ओल राहते आणि बुरशी धरते, म्हणून ड्रायरनं मुळापर्यंत वाळवायचं. मग उन्हाळ्यात लोक म्हणतात केस कापून टाका, गरम होतंय तिला. नाही कापायचे. पॉमचे केस मशीननं उडवले तर कधीकधी परत येतच नाहीत, आणि ते केस ऊनही अडवतात. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी लवकर फिरायला नेतो, तिथं भटकी कुत्री जवळ आली की बाबा तिला उचलतात, तेवढं वजन त्यांना झेपतं. रेबीजची लस दरवर्षी चुकवत नाही. "घरातच तर असते" म्हणून लस टाळणारी शिकलेली माणसं बघितली की माझा जीव खालीवर होतो.

डेपोवर बाबांभोवती आता पोरं जमतात, आजोबा हात लावू का, आजोबा चावते का. त्यांची तोंडं बघून बाबा ओळखतात काय विचारतायत ते, मागावरची सवय. उत्तरं देतात, मराठीत, कन्नडमध्ये, आणि घरी येऊन कोण काय म्हणालं ते सांगतात. घरात परत बोलतात बाबा, बास, मला अजून काय पाहिजे होतं.

आणखी एक गोष्ट, म्हाताऱ्या माणसासाठी कुत्रं आणणाऱ्यांना. ही कुत्री खूप जगतात, बारा ते सोळा वर्षं सहज, मोठ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. पुढं तिचं कोण बघणार हे आणायच्या आधीच घरात बसून, तोंडावर, बोलून घ्या, अवघड वाटलं तरी. आमच्याकडं माझ्या पोरानं शब्द दिलाय आजोबांना, नोकरीला बेंगळूरला गेलो तरी मिरी माझ्याकडं, आणि बाबांनी लगेच रात्रीचा ब्रश त्याच्याकडं सोपवलाय, बाजूला उभं राहून मागचे दात राहिले, मागचे दात राहिले म्हणून सांगत असतात.