आकड्यामागची परिस्थिती लिहून ठेवताना

प्रयोगशाळेतले उपकरण आकडा आपोआप साठवते. तो कोणत्या परिस्थितीत मिळाला, हे मात्र माणसालाच लिहावे लागते. डेटा सांभाळण्याच्या कामाचा गाभा मला इथेच दिसतो, आणि नेमके हेच काम ‘नंतर करू’ म्हणून मागे पडते. नमुना शीतकपाटाबाहेर किती वेळ होता, उपकरणाचे कॅलिब्रेशन, म्हणजे ज्ञात प्रमाणाशी ताडून केलेली जुळणी, कधी झाले होते, मध्येच रसायनाची नवी बाटली उघडली होती का, दोन नोंदी कोणत्या कारणाने वगळल्या, या गोष्टी त्या दिवशी इतक्या उघड असतात की त्या लिहाव्यात असे वाटतच नाही. काही महिन्यांनी शोधनिबंधाचे परीक्षक त्याच दोन नोंदींविषयी विचारतात, तेव्हा फाइलमध्ये आकडे जसेच्या तसे असतात, पण कारण कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. म्हणून नोंदवहीतली ओळ मोजमाप चालू असतानाच लिहिली जावी, याबाबत मी आग्रही आहे.

दुसरा आग्रह मूळ फाइलीला हात न लावण्याचा. उपकरणातून आलेली फाइल केवळ वाचता येईल अशी ठेवावी आणि पुढची सारी साफसफाई प्रतीवर, शक्यतो लिहून ठेवलेल्या प्रोग्रामद्वारे करावी, म्हणजे प्रत्येक बदलाचा माग राहतो. स्प्रेडशीट नुसती उघडून जतन केली तरी तिच्यातील मजकूर बदलू शकतो, हे जनुकशास्त्राने चांगलेच अनुभवले आहे. ‘मार्च १’ किंवा ‘सेप्ट २’ अशा जनुकांच्या संक्षिप्त नावांना एक्सेल तारखा समजत असे. ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या याद्या एक्सेल फाइलींच्या स्वरूपात जोडलेल्या होत्या, त्यांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. अखेर मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांत अशी नावेच बदलल्याचे नमूद केले.

एकक हाही आकड्याच्या संदर्भाचाच भाग आहे. १९९९ मध्ये नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झाले, कारण एका सॉफ्टवेअरने आवेगाचे आकडे पाउंड-बल-सेकंदांत दिले आणि पुढे ते न्यूटन-सेकंद समजून वापरले गेले. रोजच्या कामात एवढे मोठे काही घडत नाही, पण स्तंभाच्या शीर्षकात ‘वजन’ एवढेच लिहिलेले असेल तर ते ग्रॅममध्ये की मिलिग्रॅममध्ये, हे पुढच्या माणसाने ओळखायचे कसे? रिकाम्या चौकटीचेही तसेच आहे. मोजमाप शून्य आले, मोजमाप झालेच नाही, की मूल्य उपकरणाच्या मर्यादेखाली होते, या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळ्या खुणा ठरवून त्या लिहून ठेवल्या पाहिजेत. गहाळ मूल्याऐवजी उणे ९९९ लिहिण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. तिची नोंद नसेल तर तो आकडा गुपचूप सरासरीत मिसळतो. तारखांसाठी वर्ष, महिना, दिवस हा आयएसओ ८६०१ मानकाचा क्रम वापरावा, म्हणजे दिवस कोणता आणि महिना कोणता हा घोळ होत नाही.

काळ पुढे सरकतो तसा हा तोटा वाढत जातो. १९९१ ते २०११ या काळातील ५१६ शोधनिबंधांचा मूळ डेटा मिळतो का, हे तपासणारा अभ्यास २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. निबंधाच्या वयाच्या प्रत्येक वर्षागणिक त्याचा डेटा अस्तित्वात असण्याच्या आणि नसण्याच्या शक्यतांचे गुणोत्तर १७ टक्क्यांनी घटत असल्याचे त्यात दिसले. लेखकांचे ईमेल पत्ते बंद पडलेले असतात, साठवणीची जुनी साधने वाचता येत नाहीत. झेनोडोसारख्या संशोधन-डेटाच्या ऑनलाइन संग्रहात डेटा कायमस्वरूपी ओळख-क्रमांकासह ठेवणे म्हणूनच मला अत्यावश्यक वाटते. माणसांविषयीचा डेटा असेल, तर सहभागींनी दिलेल्या संमतीची मर्यादा आधी पाळली पाहिजे. तेथे डेटाचे केवळ वर्णन खुले ठेवणेही योग्य ठरते.

आमच्या गटात एक पद्धत उपयोगी पडते. प्रयोगात सहभागी नसलेल्या सहकाऱ्याला फोल्डर द्यायचे आणि केवळ त्यातील फाइलींवरून निबंधातील एक आलेख पुन्हा काढायला सांगायचे. त्या सहकाऱ्याला पडलेला प्रत्येक प्रश्न उत्तरासह त्याच दिवशी रीडमी फाइलमध्ये, म्हणजे फोल्डरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये, लिहिला जातो, आणि सुरुवातीचे प्रश्न बहुधा एककांचे व वगळलेल्या नोंदींचेच असतात.