बारा प्रश्न

१४ डिसेंबर, रात्री ११

शेवटी आज मैदानावर गेलो. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून १८ आठवडे तो रस्ताच टाळत होतो. दळणाला जायचं तरी पारामागून वळसा. आज लाइट लावून कबड्डीचे सामने होते, अमळनेर-पारोळ्याकडचे संघ आलेले. पोरांनी घरी येऊन मोटरसायकलवर बसवून नेलं.

माझ्या जागी आता अकरावीतला एक पोरगा चढाईला जातो. बोनस घ्यायला मीच शिकवलेला. पहिल्या दोन चढायांत त्याने गुण आणले, मी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या वेळी कोपऱ्यातल्याने त्याचा घोटा धरला, चौघं अंगावर पडले, आणि माझ्या पोटात गार वाटलं. खोटं कशाला लिहू? आपला संघ हरत होता आणि मला बरं वाटत होतं. तोंडाने मात्र "उठ भो, काही नाही झालं" चालूच.

येताना जो तो विचारतो, "पाय कसा शे?" मी म्हणतो, "बरा शे." पायाचं बरंच चाललंय खरं तर. मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून नवा एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं धरून ठेवणारा पट्टा, बसवलाय, गुडघा पूर्ण वाकतो. दर रविवारी मायच्या शिवणाच्या टेपने मांडी मोजतो. डावी अजून २ सेंटिमीटर बारीक आहे. ९ महिने मैदानात उतरायचं नाही, घाई केली तर पुन्हा फाटायचा धोका.

विनेश फोगाटचं उदाहरण तर पाठ झालंय. २०१६ला रिओत गुडघा गेला, स्ट्रेचरवरून नेलं, २०१८ला जकार्तात एशियाडचं सोनं. मधल्या दोन वर्षांत तिच्या रात्री कशा गेल्या, ते कुणी सांगत नाही.

माझ्या अशा जातात: डोळे मिटले की तीच चढाई. रेषेकडे वळलो, अंग फिरलं, पाय रुतलेलाच. वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज. काल शेतात हातभर रुंद चारी ओलांडायची होती, डावा पाय पुढे पडेचना. आप्पा कापूस वेचता वेचता बघत होते. मजूर मिळत नाहीत, दोघं नवरा-बायकोच वेचतात, आणि मी बांधावर बसलेलो. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मागच्या आठवड्यात फिजिओ मॅडमनी एक कागद दिला होता. १२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते १०० गुण. खेळताना गुडघ्यावर भरवसा वाटतो का, पुन्हा दुखापत होईल अशी धास्ती आहे का, असले. मी पटापट भरवशाला ९० टाकले, धास्ती अजिबात नाही. मॅडमनी कागद बघितला, मग मला, आणि दुसरा कोरा दिला. "घरी भर. घाई नाही."

आत्ता तो काढलाय. माय झोपलीय. मैदानावरची शिट्टी इथपर्यंत येतेय, फायनल चालू असेल. भरवशाला ३५ लिहिले. खोडून २०.

त्या पोराचा मेसेज आलाय: "भाऊ, घोटा धरला तर सुटायचं कसं?"

सांगतो म्हटलं, उद्या. अजून अकरा प्रश्न आहेत.