दोन दारांची गाडी आणि ताईचे गुडघे

ठाण्यात कासारवडवलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या डोक्यात सध्या महिंद्राची थार शिरली आहे. थार रॉक्स नव्हे, ती मोठी, मागे दारं असलेली. याला हवी आहे ती आखूड, दोनच दारांची. कागदोपत्री तिला तीन दारं आहेत, पण तिसऱ्यातून माणसं जात नाहीत, बॅगा जातात. घरात पाच वर्षांची लेक, आठ महिन्यांचा मुलगा, बायको आणि माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आई. ताईचे दोन्ही गुडघे दुखतात आणि ती ते कुणापासून लपवत नाही. "मावशी, तू गाडी चालवतेस, तुला त्यातलं कळतं. तूच सांग आईला," असं म्हणून त्यानं मला मध्ये घातलं. मध्यस्थाला दोन्हीकडचा चहा मिळतो, एवढाच काय तो फायदा.

लेकुरवाळ्या घराला दोन दारांची गाडी चालते का, हा त्याचा प्रश्न. आता पाच वर्षांच्या पोरीला विचाराल तर गाडीला दोनच दारं असावीत. पुढची सीट खटकन वाकते, मागे जायला चिंचोळी वाट होते, त्या फटीतून घुसलं की आत आपलं स्वतंत्र राज्य. शोरूममध्ये ती आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिली. शेजारच्या चार दारांच्या गाडीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. विकणारा मुलगा हुशार. तिला म्हणाला, "बघ, मागे फक्त तुझीच जागा." भाच्याचा चेहरा असा काही उजळला, की सही करायला पेन कुठे आहे तेवढंच विचारायचं बाकी होतं.

आणि खरंच, मागे दार नसण्यात एक मोठं सुख आहे. आमच्या लहानपणी फियाटच्या मागच्या सीटवर बसलं की नौपाड्यातून निघाल्यापासून उतरेपर्यंत "दाराला टेकू नका रे" हा जप चालायचा. दार नीट लागलं आहे की नुसतं चिकटलं आहे, हे चालत्या गाडीत कुणालाच खात्रीनं सांगता यायचं नाही. अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकांत पोराबाळांचे आईबाप मुद्दाम दोन दारांच्या गाड्या घ्यायचे ते याच धास्तीनं. मागे दारच नाही, तर पोर पडेल कुठून? आता मागच्या दाराच्या कडेला एक बारकासा खटका असतो. तो फिरवला की आतून कितीही हँडल ओढा, दार ढिम्म हलत नाही. एवढ्याशा खटक्यानं दोन दारांचं हे मोठेपण काढून घेतलं.

तरीही धडधाकट, हात-पाय स्वतःचे स्वतः हलवणाऱ्या, साधारण पाच ते बारा वर्षांच्या पोराला दोन दारांचा काही त्रास नाही असंच माझं मत आहे. त्रास होतो तो त्या वयाच्या अलीकडच्यांना आणि बऱ्याच पलीकडच्यांना.

अलीकडचा आमच्याकडे आठ महिन्यांचा आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खास सीट नसेल तर 1000 रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, भाचेसून या बाबतीत कडक आहे. बाळ मांडीवर घेऊन ती गाडीत बसतच नाही. भाच्यानं याचाही अभ्यास केलेला. थारला 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठीही चार तारे मिळाले, मागे मुलांची सीट अडकवायला आयसोफिक्सचे हूक आहेत, हे सगळं त्याला तोंडपाठ. खोटं काहीच नाही. पण सीट एकदा अडकवणं निराळं आणि त्या सीटमध्ये रोज बाळ बसवणं निराळं. आधी पुढची सीट वाकवायची. मग खांद्यावर बाळ घेऊन त्या उंच पायरीवर चढायचं. मान छताखालून वाचवायची, कंबर अर्धी वळवायची, आणि मागे तोंड करून असलेल्या त्या सीटमध्ये बाळ उतरवून पट्टा अडकवायचा. बाळ नेमकं त्याच क्षणी कमान टाकतं. खाली उभा असलेला नवरा "जमतंय का?" विचारतो. न जमून सांगते कुणाला?

"मग बाळाची सीट पुढेच ठेवू," हा भाच्याचा पुढचा तोडगा. ते तर मुळीच चालत नाही. पुढे एअरबॅग असते, आणि ती चालू असताना मागे तोंड केलेली बाळाची सीट तिच्यासमोर ठेवायची नसते. फुगा उघडण्याचा दणका थेट त्या सीटच्या पाठीवर बसतो. यावर तो थोडा वेळ गप्प झाला. भाचेसुनेनं मला दुसरा चहा दिला.

आता पार्किंग. आमच्या नौपाड्यात पार्किंगची अडचण नाही, कारण पार्किंगच नाही. घोडबंदर रोडवरच्या नव्या सोसायट्यांत मात्र पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या पार्किंगच्या मजल्यावर, रंगवलेल्या पट्ट्या असतात. भाच्याची पट्टी अडीच मीटर रुंद. थारची रुंदी 1820 मिलिमीटर. म्हणजे गाडी अगदी मधोमध लावली तरी दोन्ही बाजूंना चौतीस-चौतीस सेंटिमीटर उरतात, त्यातही एका बाजूला बिल्डरचा खांब. चार दारांच्या गाडीची दारं आखूड असतात. दोन दारांच्या गाडीत मागच्यांनाही त्याच दारातून जायचं असतं, म्हणून ते चांगलं लांब करावं लागतं. लांब दार पूर्ण उघडायला जागा जास्त लागते, आणि अर्धवट उघडलं तर मागचा माणूस बाहेर येतो तो बाटलीतून बूच काढल्यासारखा. यावर उपाय एकच, सगळ्यांना लॉबीपाशी उतरवून मग गाडी लावायची. तिथे मागची गाडी हॉर्न वाजवणार, वॉचमन शिटी मारणार, आणि आपण वाकवलेल्या सीटमागून आधी डायपरची बॅग, मग बाळ, मग बाळाची आई, मग एक चप्पल असं क्रमाक्रमानं बाहेर काढत राहणार.

सकाळी शाळेच्या फाटकाशीही हेच. पावसाळा, पाठीला दप्तर, मागे गाड्यांची रांग. चार दारांच्या गाडीत पोर डावीकडचं दार उघडतं, उडी मारतं, पळतं. इथे आईनं हँडब्रेक ओढायचा, बाजूची सीट वाकवायला आडवं व्हायचं, ती नाहीच वाकली तर स्वतः उतरून गाडीला वळसा घालून यायचं. फाटकावरचा माणूस तोपर्यंत "चला, चला, मॅडम" करत हात हलवत असतो. मला वाटतं, गाड्यांची परीक्षा घेणाऱ्यांनी एक परीक्षा जुलैमधल्या शाळेच्या फाटकावर घ्यावी.

पलीकडचं वय म्हणजे आमची ताई. इथे तर मोठी गंमत झाली. सगळ्यांचं एकमत होतं की आईंना पुढे बसवू, मागे चढा-उतरायची कटकट नको. मान राहतो, गुडघेही राहतात. पण दोन दारांच्या गाडीत पुढची डावी सीट मानाची नसते. ती दारवानाची असते. मागच्या कुणाला उतरायचं झालं की आधी तिथल्यानं उतरायचं, सीट वाकवू द्यायची, बाहेर उभं राहायचं, सगळे उतरले की सीट सरळ करायची. परत निघताना हेच उलट क्रमानं. म्हणजे तलावपाळीला नातीला भेळ हवी, उतरा. बाळाचं दूध गरम करून घ्यायचं आहे, उतरा. कोपिनेश्वराला जाऊन यायचं, उतरा. थारची पायरी काही जिन्याची नाही, ती चढताना ताईला वरचं हँडल धरून एक श्वास घ्यावा लागतो. शोरूममध्ये ती एकदा चढली, एकदा उतरली, आणि मग खुर्चीवर बसून म्हणाली, "मी मागेच बसते. कुणी मला उतरवूच नका, जेवणाचा डबा आत द्या."

त्यावर आणखी एक गोष्ट निघाली, ती भाचेसुनेनं काढली. तिनं विकणाऱ्या मुलाला विचारलं, "मागची काच खाली कुठून करायची?" मागची काच खाली होत नाही. बाजूची काच पक्की बसवलेली आहे. एसी आहे ना मॅडम, असं तो म्हणाला. एसी असला तरी आमचं मूळ गाव ओतूर आहे. कल्याण-मुरबाड करत माळशेज चढायला लागलं की पाच वर्षांची ती कन्यका पहिल्या तीन वळणांत हिरवी पडते. तेव्हा तिला गार हवा नको असते, वारा हवा असतो, तोंडावर, ताबडतोब. काच उघडत नाही, शेजारी दार नाही, पुढे आजीची सीट. गाडी कडेला घ्या, आजीला उतरवा, सीट वाकवा... तेवढा वेळ पोटातलं सरबत थांबत नाही. ताईनं तर थेट 26 जुलै काढला. 2005 च्या त्या पावसात गाड्यांत अडकून माणसं गेली, हे ठाण्या-मुंबईच्या त्या पिढीच्या मनातून जात नाही. मागे बसणाऱ्याला स्वतःचं दार हवं, असं ती म्हणाली तेव्हा तिच्याशी कुणी वाद घातला नाही.

मागे बसणारा माणूस दुसऱ्याच्या मर्जीवर असतो, हेच मला दोन दारांच्या गाडीत खटकतं. आणि आपल्या घरांतून मागे बसतात कोण? आई, आजी, पोरं. आपल्याकडच्या दोन दारांच्या गाड्यांना मागाहून दारं फुटत गेली, त्याचं कारण मला यातच दिसतं. स्टँडर्ड हेराल्ड 1961 पासून मद्रासला तयार होऊ लागली, तेव्हा दोन दारांची होती. नौपाड्यात आमच्या डॉक्टरांकडे एक होती. तिचा सबंध बॉनेट पुढच्या बाजूला उलटा उघडायचा, म्हणून आम्ही पोरं बघायला जायचो. पुढे तिची चार दारांची आवृत्ती निघाली ती खास भारतासाठी. मूळ इंग्लंडात हेराल्डला चार दारं कधी मिळालीच नाहीत. महिंद्राची विजेवरची ईटूओ 2013 मध्ये दोन दारांची आली आणि 2016 मध्ये चार दारं घेऊन पुन्हा आली. टाटा सिएराची गोष्ट तर आमच्या पिढीच्या जिव्हाळ्याची. 1991 ची ती सिएरा म्हणजे मागच्या बाजूला ही भलीमोठी, छताकडे वळलेली काच. उघडत तीही नव्हती, पण दिसायची काय! 2025 मध्ये नवी सिएरा आली ती त्या काचेचा नुसता आभास ठेवून. मागे रीतसर दारं. स्वतः थारलाही 2024 च्या पंधरा ऑगस्टला रॉक्स हे पाच दारांचं भावंड आलंच.

सगळ्यांत मजेदार जिम्नी. तीन दारांची जिम्नी मारुती इथेच बनवते आणि परदेशी पाठवते. आपल्यासाठी 2023 मध्ये आणली ती पाच दारांची. नॅनो तर उणीपुरी 3.1 मीटर लांब, तरी तिला चार दारं होती. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांना मागून उघडणारी डिकी नव्हती, दारं मात्र चार. काय वाचवायचं आणि काय नाही, हे त्या गाडीच्या कारागिरांना नेमकं कळलेलं होतं.

"परदेशात चालतंच ना," भाचा म्हणाला. तिथेही आता चालेनासं झालं आहे. फोक्सवॅगन गोल्फ 1974 पासून तीन आणि पाच अशा दोन्ही प्रकारांत मिळायची. 2019 ची आठवी गोल्फ फक्त पाच दारांची.

भाच्याच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर मध्यस्थी कसली. त्याचं म्हणणं, सगळे मिळून आपण कितीदा जातो? आठवड्याचे पाच दिवस तो एकटाच ऐरोलीच्या ऑफिसला जातो. गाडी मनाला आवडलेली असावी, यात चूक काय? काही नाही. थारच्या फोर बाय फोरचं, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देण्याच्या सोयीचं, मात्र मला हसू येतं, कारण त्याचं जंगल येऊरच्या पायथ्याच्या टपरीपाशी संपतं. पण वसईकडे जाताना गायमुखचे खड्डे लागतात, तिथे फोर बाय फोर उपयोगी पडेल हे मी मान्य केलं.

भाचेसुनेला दोन दारांचं वावडं नाही, हे मला नंतर कळलं. तिच्या मनात एमजीची कॉमेट होती, शाळा आणि भाजीपुरती, जुनी गाडी ठेवून दुसरी म्हणून. तीन मीटरच्याही आत लांबी, रुंदी 1505 मिलिमीटर, म्हणजे त्याच पट्टीत दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर उरतो आणि लांब दार चांगलं उघडतं. जमिनीपासून फार उंचही नाही. मागची सीट उभी ठेवली तर सामानाला जागा जवळजवळ नाही, पण शाळेला जाताना सामान म्हणजे एक दप्तर. मला हे पटलं. एक आई, एक शाळकरी मुलगी, दोन किलोमीटर, दोन दारं. हिशेब जुळतो.

फक्त दोन गाड्यांचे हप्ते जुळत नाहीत. त्यामुळे तूर्तास गाडी रॉक्सवर येऊन थांबली आहे. तिची पायरीही उंचच. ताईची अट अशी, की घरून निघताना एकदा चढेन आणि पोचल्यावर एकदा उतरेन, मध्ये कुणासाठी उतरणार नाही. भाचा काल टेप घेऊन पोडियमवर उकिडवा बसला होता. रॉक्स रुंदीला थारपेक्षा पाच सेंटिमीटर जास्त, पण दारं आखूड, तेव्हा ते निभेल. लांबी 4428 मिलिमीटर. पट्टी पुरेशी लांब आहे, पण मागच्या टोकाला शेजाऱ्यांची बुलेट गेली कित्येक वर्षं उभी असते. ती हलवायला सांगायचं कुणी, यावर आता घरात चर्चा चालू आहे, आणि माझं नाव पुन्हा निघालं आहे.