ताकातोचा मुळा आणि भाजलेला मिसो

जपानच्या डोंगरातल्या ताकातो गावाला लोक एप्रिलमध्ये जातात. किल्ल्याच्या जुन्या आवारात चेरीची सुमारे दीड हजार झाडं एकाच वेळी फुलतात आणि त्या आठवड्यात गावात पाय ठेवायला जागा नसते. ताई आणि मी नोव्हेंबरात गेलो. फुलोरा नव्हता, गर्दी नव्हती, पण शेतातून नुकताच निघालेला नवा सोबा, म्हणजे कुट्टू, होता आणि मुळे तयार झाले होते. आम्हाला हवं होतं ते एवढंच.

ताई तोक्योत नोकरीला आहे आणि पक्की शाकाहारी आहे. जपानमध्ये शाकाहारी माणसाला सोबा दिसतो सगळीकडे, पण खाता येत नाही. कुट्टूच्या पिठाचे ते बारीक, तपकिरी दोरे स्वतः निर्दोष असतात. अडचण असते ती वाटीतल्या त्सुयूची. सोबा ज्यात बुडवून खायचा, तो हा काळसर रस सोयासॉस, मिरिन (तांदळाची गोड दारू) आणि दाशीचा (उकळून काढलेल्या चवदार पाण्याचा) असतो, आणि दाशी म्हटलं की बहुतेक ठिकाणी काट्सुओबुशी आलीच. काट्सुओ हा आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा. शिजवून, धुरावर वाळवून त्याचे लाकडासारखे कडक तुकडे करतात आणि रंध्यानं तासावं तसे ते तासतात. वाटीत मासा दिसत नाही, पण चव सगळी त्याचीच. त्यामुळे ताई इतकी वर्षं सोबा नुसत्या मिठाशी खात आली. कुणीतरी तिला सांगितलं की शिनशूच्या, म्हणजे आजच्या नागानो प्रांताच्या, डोंगरात, ताकातोला, सोबा मुळ्याच्या रसात आणि मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्यात, बुडवून खातात. त्याला म्हणतात कारात्सुयू, म्हणजे तिखट त्सुयू. ते ऐकल्यावर आमचं ठरलंच.

शिंजुकूहून ईनाला जाणारी बस साडेतीन तासांच्या आसपास घेते. कोफूचं खोरं मागे पडतं, मग सुवा तळं दिसतं आणि तिथून रस्ता दक्षिणेला वळून ईनाच्या खोऱ्यात उतरतो. एका बाजूला मध्य आल्प्स, दुसऱ्या बाजूला दक्षिण आल्प्स, मधे सपाट शेतं. सोब्याची कापणी झालेली होती, मागे उरले होते लालसर बुडखे. ईनाहून गावची बस धरली की मिबुगावा नदीच्या काठानं अर्ध्या तासाच्या आत ताकातो येतं. २००६ पासून ते ईना शहरातच मोडतं, पण गावाची ऐट अजून वेगळी आहे: किल्ल्याखाली वळत जाणारी एक मुख्य गल्ली, तिथे मिठाईवाले, साकेवाले आणि सोबाघरं.

किल्ला बघितला. वास्तू फारशी उरलेली नाही. खंदक, मातीचे बांध आणि लाल झालेले मेपल. जवळच्या संग्रहालयात एजिमाचं घर पुन्हा बांधून ठेवलंय. एजिमा ही शोगुनच्या, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी शासकाच्या, जनानखान्यातली वजनदार बाई. १७१४ साली एका नटाशी संबंध असल्याच्या आरोपावरून तिला इथे पाठवलं, आणि मरेपर्यंत, म्हणजे १७४१ पर्यंत, ती याच गावात कोंडून राहिली. ते घर बघताना ताई बराच वेळ काही बोलली नाही. मलाही तिथून पाय निघेना.

जेवणाच्या वेळेला आम्ही गल्लीतल्या एका छोट्या सोबाघरात शिरलो. मालकीणबाई सत्तरीच्या असाव्यात. ताईनं आधी विचारून घेतलं, "काट्सुओ नाही ना?" बाई म्हणाल्या, "मुळा, मिसो, कांदा. आणखी काही नाही." मग आमचा उत्साह बघून त्यांनी आम्हाला काउंटरपाशी बोलावलं.

त्यांच्या हातातला मुळा आपल्या मुळ्यासारखा लांब नव्हता. मुठीएवढा, बुटका, खाली उंदराच्या शेपटीसारखं मूळ. या तिखट मुळ्याला पाणी कमी असतं. बाईंनी तो धुतला, साल तशीच ठेवली आणि तांब्याच्या बारीक दातांच्या किसणीवर शेपटीकडून किसायला घेतला. हात पुढे-मागे नाही, गोल गोल फिरत होता, वजन न टाकता. किसणीवर साठलेला लगदा त्यांनी सुती फडक्यात घेतला, एकदाच पिळला आणि दुधाळ रस वाटीत धरला. तोवर त्यांच्या सुनेनं लाकडी उलथन्यावर मिसो थापला होता. त्यावर सुरीनं आडव्या-उभ्या रेघा ओढून तिनं तो जाळावर उलटा धरला. कडा काळपट झाल्या, मधला भाग फुगून त्याला बारीक भेगा पडल्या आणि सगळं दुकान खरपूस वासानं भरलं.

ताटात आलं ते असं: चाळणीवर थंड सोबा, वाटीत मुळ्याचा रस, बशीत मिसोचा छोटा ढिगारा आणि बारीक चिरलेला नेगी, म्हणजे लांब पांढऱ्या दांड्याचा कांदा. मिसो सगळा एकदम कालवायचा नाही. आधी नुसता रस जिभेला लावायचा, मग चॉपस्टिकच्या टोकानं चिमूटभर मिसो विरघळवायचा, सोबा बुडवायचा, चव बघायची, हवा तर आणखी घ्यायचा. पहिला घास घेतला आणि झणका थेट नाकात गेला, डोळ्यांत पाणी. अगदी फेसलेल्या मोहरीसारखा. दोन क्षणांत तो ओसरला आणि मागे मिसोचा खारट गोडवा आणि सोब्याचा मातकट सुगंध राहिला. सोयासॉसच्या त्सुयूत हा सुगंध मला इतका कधी लागला नव्हता. ताईनं भुरके मारत चाळणी रिकामी केली आणि दुसरी मागवली.

मोहरीची आठवण उगाच आली नव्हती. मुळा आणि मोहरी एकाच कुळातली आणि दोघांचा तिखटपणाही एकाच जातीच्या रसायनांचा, आयसोथायोसायनेट्सचा. अख्ख्या मुळ्यात तो नसतोच. त्याचा कच्चा माल एकीकडे आणि त्याला फोडणारं एन्झाइम दुसरीकडे, असं मुळ्यात वेगवेगळं साठवलेलं असतं. किसणीनं पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येतात आणि तिखट तयार होतं. म्हणून मुळा जितका बारीक किसाल तितका तो जास्त तिखट, आणि म्हणूनच शेपटीकडून, सालीसकट, कारण जोर तिकडेच जास्त असतो. पण हे तिखट उडून जाणारं आहे. पहिल्या काही मिनिटांत ते शिगेला पोचतं आणि मग उतरणीला लागतं. आधी करून ठेवलेला कारात्सुयू हा नुसता मुळ्याचा पाणचट रस. बाई ऑर्डर आल्याशिवाय किसणी हातात घेत नाहीत, त्याचं कारण हे.

सोयासॉस का नाही, हा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर सरळ आहे: तो नव्हता. सोबा पिठाचे दोरे कापून खाण्याची सर्वांत जुनी नोंद सापडते ती १५७४ सालची, इथून डोंगरापलीकडच्या किसो खोऱ्यातल्या जोशोजी या मंदिराच्या कागदपत्रांत. सोयासॉस घरोघरी पोचायला त्यानंतर बराच काळ जावा लागला. तोवर सोब्याबरोबर मिसोचंच पाणी असे. १६४३ सालच्या एका जपानी पाककृतींच्या पुस्तकात सोब्याच्या रसात मुळ्याचा रस घालावा, चांगला लागतो, असं लिहिलेलं आहे. शहरांनी पुढे सोयासॉस आणि दाशी धरली. समुद्रापासून लांब असलेल्या या डोंगराळ मुलखात मिसो घरचा आणि मुळा परसातला, तेव्हा जुनी पद्धत टिकली. आजही जपानातला जवळपास निम्मा मिसो नागानो प्रांतातच तयार होतो.

आणि इथे होशिना मासायुकीची गोष्ट येते. दुसऱ्या शोगुनचा हा मुलगा, ताकातोच्या होशिना घराण्यात दत्तक गेलेला. याच गावात वाढला, इथला जहागीरदार झाला. १६३६ मध्ये त्याला यामागाताला आणि १६४३ मध्ये तिथून ईशान्य जपानातल्या आइझूला पाठवलं. सोबा खाण्याची आपली पद्धत तो बरोबर घेऊन गेला असं सांगतात, आणि आइझूचे लोक मुळ्याच्या रसातल्या सोब्याला आजही 'ताकातो सोबा' म्हणतात. खुद्द ताकातोत मात्र हे नाव चालत नव्हतं. घरचं जेवण ते, त्याला गावाचं नाव कोण देईल? १९९० च्या दशकात आइझूशी देवाणघेवाण वाढली तेव्हा ताकातोकरांना कळलं की साडेतीनशे वर्षं कुणीतरी लांबवर आपल्या गावाचं नाव रोज ताटात वाढतंय. त्यानंतर इथल्या पाट्यांवर 'ताकातो सोबा' आला. मालकीणबाई हे सांगताना मुळा किसायच्या थांबल्या, हे मला फार आवडलं.

हे ऐकल्यावर आइझूला न जाणं शक्य नव्हतं. पुढच्या शनिवार-रविवारी गेलो. युनोकामी ओन्सेन स्टेशनचं छप्परसुद्धा गवताचं आहे, आणि तिथून वर ओउचिजुकू, जुन्या वाटेवरचं मुक्कामाचं गाव, दोन्ही बाजूंना गवती छपरांच्या घरांची ओळ. तिथे चॉपस्टिकऐवजी अख्खा नेगी देतात. त्याच्या वाकड्या टोकानं सोबा ओढायचा आणि मधेमधे तोच चावायचा. फोटोला छान, खायला खटपटीचं. पण रसात मुळ्याबरोबर सोयासॉस आणि दाशी होती, वर काट्सुओबुशीही. ताईनं नेगी खाली ठेवला. नाव आइझूनं जपलं, चव ताकातोनं जपली. मला विचाराल तर खाण्यासाठी ताकातो आणि बघण्यासाठी ओउचिजुकू.

पुण्यात परतल्यावर हे घरी नेहमी होतं, आणि ते खरंच सोपं आहे. दोन माणसांना एक मध्यम मुळा पुरतो. मंडईतून बारीक, कडक, देशी मुळा निवडून घ्यावा. गुबगुबीत पांढराशुभ्र मुळा गोड निघतो. उन्हाळ्याच्या तोंडावरचा मुळा ऐन थंडीतल्यापेक्षा तिखट असतो, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये करून बघा. आल्याची बारीक किसणी सगळ्यांत उत्तम. शेपटीकडचा अर्धा भाग सालीसकट किसून मलमलच्या फडक्यातून पिळायचा, अर्धी-पाऊण वाटी रस निघतो.

मिसो मात्र बघून घ्यावा. पिवळसर, मध्यम खारट, शिनशू पद्धतीचा हवा. गोड पांढरा मिसो इथे फिका पडतो. शाकाहारी असाल तर पाकिटावरची यादी शेवटपर्यंत वाचा. काही मिसोमध्ये दाशी आधीच मिसळलेली असते आणि ती बहुधा माशाचीच. दोन मोठे चमचे मिसोत पातीच्या कांद्याचा पांढरा भाग बारीक चिरून कालवायचा, स्टीलच्या पळीच्या पाठीवर पातळ थापायचा आणि गॅसच्या मंद आचेवर दोन-तीन मिनिटं फिरवत धरायचा. कडा काळपट होऊ द्या. त्या जळकेपणाशिवाय चव पोकळ राहते. वरून मीठ घालू नका, मिसो पुरेसा खारट असतो.

सोब्याच्या पाकिटावर गव्हाचं पीठ पहिलं लिहिलेलं असेल तर त्यात कुट्टू कमी आहे असं समजावं. भरपूर पाण्यात उकडून लगेच थंड पाण्यात हातानं चोळून धुवावा. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. शेवटचं पाणी बर्फाचं. मुळा किसायचा तो सोबा निथळत ठेवल्यावर, आधी नाही. घरात सगळे पानावर बसले की मगच किसणी बाहेर.

ताकातोला शेवटी सोबायू आलं होतं, म्हणजे सोबा उकडलेलं गरम, दाट पाणी. ते वाटीत उरलेल्या रसात ओतून प्यायचं. पाकिटातल्या सोब्यात बऱ्याचदा मीठ असतं, म्हणून घरी ते पाणी आधी चाखून बघा. खारट असेल तर सोडून द्या, नसेल तर जरूर घ्या. मिसोचा तळाशी बसलेला गाळ त्यात विरघळून फार छान लागतो.

फडक्यातला मुळ्याचा चोथा मी थालीपिठाच्या भाजणीत मळते. पाल्याची भाजी, मुगाची डाळ घालून. ताई दिवाळीला आली की मुळा तीच किसते आणि पहिली वाटीही तिचीच.