एंड-फेड तार लावताना परतीची वाट आधी ठरवा

४० मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींसाठी) डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन हातांची अँटेना, लावायचा तर दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर मोकळी जागा लागते आणि मधोमध लोंबणारी केबल तार खाली ओढत राहते. सोसायटीच्या गच्चीवर हे जमणं कठीण. म्हणून शहरातले बरेच हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, एंड-फेड हाफ-वेव्हकडे, म्हणजे एका टोकाला केबल जोडलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या तारेकडे वळतात. वीसेक मीटरची एकच तार, तिच्या एका टोकाला तार केबलशी जुळवणारा ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर आणि तिथून केबल थेट शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत. एवढ्या एका तारेवर ४०, २०, १५ आणि १० मीटर असे चार बँड बहुतेक वेळा ट्यूनरशिवाय (जुळवणीच्या वेगळ्या पेटीशिवाय) मिळतात.

मात्र 'या अँटेनाला काउंटरपॉइज (परतीच्या करंटसाठी जोडलेली दुसरी तार) लागत नाही' असं जे सर्रास सांगितलं जातं, त्यातूनच निम्म्या तक्रारी निघतात. तारेत करंट ढकलायचा तर तेवढाच करंट दुसऱ्या बाजूनेही वाहावा लागतो. त्यासाठी तुम्ही वाट दिली नाही तर तो केबलच्या शील्डची, म्हणजे जाळीच्या आवरणाची, बाहेरची बाजू धरतो आणि शॅकपर्यंत पोचतो. मग माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात, प्रेषण सुरू केलं की लॅपटॉपचा माउस गोठतो, आणि केबल थोडी हलवली तरी एसडब्ल्यूआर (अँटेनाची जुळणी किती बिघडली ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) बदलतो. ऐकतानाही हीच वाट उलटी चालते: घरातले एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर यांचा खरखराट केबलच्या अंगावरून रिसीव्हरमध्ये शिरतो.

सुदैवाने ही वाट फार मोठी लागत नाही. अर्ध्या तरंगलांबीच्या तारेच्या टोकाशी व्होल्टेज जास्त आणि करंट कमी असतो. तिथला इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध) साधारण अडीच हजार ओहम धरला तर १०० वॅटला तिथे जेमतेम ०.२ अँपिअर करंट वाहतो. म्हणून तरंगलांबीच्या वीसाव्या भागाएवढा, म्हणजे ४० मीटर बँडसाठी २ मीटर तारेचा तुकडा काउंटरपॉइज म्हणून पुरतो. पण त्याच १०० वॅटला तिथलं व्होल्टेज सुमारे ५०० असतं आणि शिखराला ७०० पर्यंत जातं. तारेचं दूरचं टोकही तितकंच धोकादायक. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यांचा किंवा खेळणाऱ्या मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर दोन्हींपैकी एकही टोक ठेवू नका.

आता ट्रान्सफॉर्मर. कोअर एफटी२४०-४३, म्हणजे बाहेरचा व्यास ६१ मिलिमीटर असलेला ४३ नंबर मटेरियलचा फेराइट टोरॉइड (चुंबकीय कडं). जुन्या पॉवर सप्लायमधून काढलेले पिवळे किंवा हिरवे टोरॉइड दिसायला सारखे असतात, पण ते बहुधा लोहचूर्णाचे असतात आणि इथे कामाचे नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत नुसता 'फेराइट रिंग' म्हणून मिळणारा माल कोणत्या मटेरियलचा आहे ते कळत नसेल तर घेऊ नका. सगळ्या जुळणीत पैसे वाचवू नयेत अशी ही एकच वस्तू आहे.

वाइंडिंगसाठी १ ते १.२ मिलिमीटर जाडीची इनॅमलची तांब्याची तार लागते. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात १८ गेज मागा. दुय्यम (अँटेनाच्या) बाजूला १४ वेढे, त्यासाठी सव्वा मीटर तार घ्या. प्राथमिक (रेडिओच्या) बाजूला २ वेढे, त्यासाठी ३० सेंटिमीटर. प्राथमिकची तार आणि दुय्यमचा सुरुवातीचा भाग एकमेकांना पीळ घालून दोन वेढे एकत्र काढा. पुढे दुय्यमचे आणखी ५ वेढे त्याच बाजूला, मग तार कोअरच्या मधून पलीकडे नेऊन उरलेले ७ वेढे समोरच्या बाजूला. यामुळे सुरुवात आणि शेवट एकमेकांपासून लांब राहतात. तार भोकातून एकदा गेली की एक वेढा झाला, मग ती बाहेरून पूर्ण फिरो वा न फिरो. बाहेरचे वेढे मोजणारा हमखास एकाने चुकतो आणि ४९ चं गुणोत्तर बिघडतं.

प्राथमिक आणि दुय्यम दोन्हींची सुरुवातीची टोकं केबल लावायच्या सॉकेटच्या बॉडीला, प्राथमिकचं दुसरं टोक मधल्या पिनला, दुय्यमचं शेवटचं टोक अँटेनाच्या तारेला. सॉकेटच्या पिन आणि बॉडीमध्ये १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावा, किमान १ किलोव्होल्टचा, शक्यतो सिल्व्हर मायका. याच्याशिवाय १५ आणि १० मीटरवर एसडब्ल्यूआर चढतो. काउंटरपॉइजसाठी सॉकेटच्या बॉडीवरून एक वेगळा स्क्रू बाहेर काढून ठेवा.

डबीत बसवण्याआधी टेबलावरच तपासा. दुय्यमच्या टोकापासून सॉकेटच्या बॉडीपर्यंत २.२ किलोओहम आणि २७० ओहम असे दोन कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर एकापुढे एक जोडा, पाय अगदी आखूड ठेवून. सॉकेटला नॅनोव्हीएनए (एसडब्ल्यूआर मोजणारं छोटं यंत्र) लावा. ७ ते २१ मेगाहर्ट्झपर्यंत एसडब्ल्यूआर दीडच्या आत आणि २८ ला दोनच्या आत दिसायला हवा. इथे दिसत नसेल तर गच्चीवर तार कितीही कापली तरी दिसणार नाही. वेढे पुन्हा मोजा, कपॅसिटर बदलून पाहा. वायरवाउंड रेझिस्टर मात्र वापरू नका, तो स्वतःच कॉइल असतो आणि खोटे आकडे दाखवतो.

डबी म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातला प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स चांगला. सॉकेट खालच्या बाजूला आणि तळाशी ३ मिलिमीटरचं एक भोक. डबी सगळीकडून सीलबंद केली की पावसाळ्यात आत दव धरतं आणि बाहेर पडायला जागा नसते. भोकातून मुंग्या शिरतात, म्हणून आतून बारीक जाळी चिकटवा. केबलच्या जोडावर आधी रबरी सेल्फ-फ्यूजिंग टेप, वर साधी पीव्हीसी टेप. नुसती पीव्हीसी टेप एका उन्हाळ्यात सुटते. केबल डबीखाली झोळीसारखी वाकवा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं.

अँटेनासाठी घरगुती वायरिंगची १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर उत्तम, आवरण काढायचं नाही. उघड्या तारेसाठी १४३ भागिले मेगाहर्ट्झ हे सूत्र आहे, म्हणजे ७.०५ ला सुमारे २०.३ मीटर. पीव्हीसीच्या आवरणामुळे तार थोडी आखूडच पुरते. तरी सुरुवात २०.८ मीटरने करा. कापलेली तार परत जोडता येते, पण तो जोड पहिल्या पावसात काळा पडतो.

तार कशी टाकायची, यावर जास्त विचार करा. ४० मीटरवर सर्वाधिक करंट तारेच्या मध्यावर, म्हणजे टोकापासून दहा मीटरवर असतो आणि तिथूनच सर्वाधिक प्रसारण होतं. त्यामुळे टोकं खाली आली तरी चालतील, मध्य उंच हवा. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी फायबर किंवा पीव्हीसीचा खांब उभा करून त्यावर तारेचा मध्य टेकवणं आणि दोन्ही टोकं कठड्याकडे उतरवणं, ही रचना मला सगळ्यात पटते. कठड्यालगत आडवी ताणलेली तार टाळा: स्लॅबमधलं लोखंड आणि कठड्याची रेलिंग तिची शक्ती गिळतात आणि रेझोनन्स (तार ज्या फ्रिक्वेन्सीला जुळते ती) खाली ओढतात.

अशी बुटकी उलट्या व्ही आकाराची तार ४० मीटरवर बरीचशी शक्ती वरच्या दिशेने फेकते. दूरदेशी संपर्कासाठी हे गैरसोयीचं, पण दिवसा पुण्याहून नागपूर किंवा सावंतवाडी पकडायची असेल तर नेमकं हेच हवं. आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, सरळ खाली परतणारी लहर काही शे किलोमीटरचा पट्टा भरून काढते.

कोकणात किंवा गोव्यात नारळाचं झाड आयतं मिळतं, पण ते वाऱ्यात डोलतं. तार झाडाला घट्ट बांधली तर पहिल्याच वादळात तुटते. झाडावर कप्पी लावा, दोरी तिच्यातून घ्या आणि खालच्या टोकाला दोन-तीन किलो वाळू भरलेली बाटली लोंबकळत ठेवा. झाड हललं की बाटली वर-खाली होते, ताण तोच राहतो. झावळ्या पडण्याच्या जागेखालून तार नेऊ नका. दोरी पॉलिएस्टरची घ्या, स्वस्त नायलॉन उन्हात कडक होऊन तुटतं.

आणि वीजवाहिन्या. केवळ अंतर पुरेसं आहे का, एवढंच पाहू नका. तार किंवा दोरी कुठेही तुटली आणि झोका घेऊन पडली, तर ती महावितरणच्या तारेला किंवा घराच्या सर्व्हिस वायरला लागेल का, हे पाहा. लागत असेल तर ती जागा सोडा. वायर फेकायला गलोल वापरतानाही हाच नियम. संक्रांतीच्या दिवसांत मांजा तारेत अडकला तर कोणालाही तो ओढून काढू देऊ नका, आधी तार खाली उतरवा.

लांबी जुळवताना ट्रान्सफॉर्मरशी तुकडाभर केबल लावून मोजमाप करू नका. केबलची शील्डही अँटेनाचा भाग असू शकते, त्यामुळे शेवटची केबल, काउंटरपॉइज आणि चोक (शील्डच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारी कॉइल) सगळं जोडून शॅककडूनच मोजा. समजा २०.८ मीटरला एसडब्ल्यूआरचा तळ ६.९० मेगाहर्ट्झला आला आणि तुम्हाला ७.०५ हवा आहे. २०.८ गुणिले ६.९० भागिले ७.०५ म्हणजे २०.३६, म्हणून ४४ सेंटिमीटर कमी करायचे. कापू नका, टोक मागे दुमडून तारेलाच घट्ट पीळ द्या आणि पुन्हा मोजा. आपल्याकडे ४० मीटर बँड ७.० ते ७.२ आहे. तळ त्याच्या खालच्या अंगाला ठेवलेला बरा, कारण वरच्या बँडवरचे रेझोनन्स नेमक्या दुप्पट, तिप्पट, चौपटीपेक्षा थोडे वर बसतात.

१० मीटरवर तळ फारच वर गेला तर ट्रान्सफॉर्मरपासून २ मीटरच्या आतबाहेर तारेत पाच-सहा वेढ्यांची छोटी कॉइल घाला, २०-२५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर. २८ मेगाहर्ट्झला करंटचा उंचवटा याच भागात असल्याने कॉइल तिथला रेझोनन्स खाली आणते. ७ मेगाहर्ट्झला त्या जागी करंट कमी असतो, म्हणून ४० मीटर जवळपास तसंच राहतं.

चोकची जागा दोन प्रकारे ठरते. २ मीटरचा काउंटरपॉइज लावला असेल तर चोक ट्रान्सफॉर्मरशीच चालतो. काउंटरपॉइज लावायला जागाच नसेल तर केबलचे पहिले दोन-तीन मीटर काउंटरपॉइजचं काम करतात आणि चोक त्यांच्यानंतर येतो. काउंटरपॉइज नाही आणि चोक मात्र डबीला चिकटवलेला, असं केलं की एसडब्ल्यूआर वेडावाकडा होतो, कारण परतीची वाटच बंद झालेली असते. चोक म्हणून दुसऱ्या एफटी२४०-४३ वर आरजी-५८ या बारीक केबलचे १० ते १२ वेढे. शॅकमध्ये केबल शिरते तिथे असाच आणखी एक लावला तर ऐकताना फरक लगेच कळतो. आरजी-५८ ची लांबी फार वाढवू नका, २८ मेगाहर्ट्झला १५ मीटरमध्येच एक डेसिबलहून जास्त जातं.

एका कोअरवर १०० वॅट एसएसबी (आवाजाचं प्रेषण) निभतं, कारण बोलण्यात उसंत असते. एफटी८ या संगणकी डिजिटल प्रकारात वाहक लहर अखंड चालू राहते, तिथे २५-३० वॅटवर थांबा. प्रेषण चालू असताना एसडब्ल्यूआर हळूहळू चढू लागला आणि थांबल्यावर पुन्हा खाली आला, तर कोअर तापतोय हे समजा. ४३ मटेरियल १३० अंशांच्या पुढे आपला चुंबकीय गुणच गमावतं. कायम जास्त शक्ती लागणार असेल तर दोन कोअर एकावर एक ठेवून वेढे घ्या.

याच आकाराची दुसरी डबी ९:१ ची मिळते. तिच्यासोबत अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत न बसणारी तार आणि ट्यूनर लागतो. २०.३ मीटरच्या तारेला ९:१ लावून एसडब्ल्यूआर का येत नाही म्हणून शोधत बसू नका.

मॉन्सूनपूर्व वळवाच्या काळात आणि पुन्हा परतीच्या पावसात, ढग दिसण्याआधीच केबल रेडिओपासून काढा आणि तिचं टोक खिडकीबाहेर ठेवा, टेबलावर नाही. या ट्रान्सफॉर्मरमध्ये तार शील्डला जोडलेली असते, त्यामुळे शील्ड अर्थ केली असेल तर तारेवर साचणारा स्थिर भार निचरतो. विजेच्या थेट तडाख्यापुढे मात्र हा निचरा काहीच उपयोगाचा नाही. पावसाळ्यात ओल्या तारेचा रेझोनन्स थोडा खाली सरकतो, कोरड्या दिवशी पुन्हा जागेवर येतो. तेवढ्यासाठी लांबी बदलू नका. डबी मात्र जूनआधी आणि ऑक्टोबरनंतर उघडून पाहा. हिरवट पडलेला स्क्रू घासून पुन्हा आवळा, आणि तळाचं भोक बुजलं असेल तर काडीने मोकळं करा.