मुंबई ते सिंगापूर: साडेपाच तासांचे उड्डाण आणि घड्याळाचा हिशेब

मुंबई ते सिंगापूर हे हवाई अंतर सुमारे 3,900 किलोमीटर असून थेट विमानाला साधारण साडेपाच तास लागतात. आमच्या तिकिटावर मात्र रात्री साडेअकराला प्रस्थान आणि सकाळी साडेसातला आगमन असे छापलेले पाहून सोबतच्या ज्येष्ठांनी आठ तासांच्या प्रवासाची धास्ती घेतली होती. तिकिटावरील दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात आणि सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे चालते, एवढाच त्याचा अर्थ. रेखांशाचा विचार केल्यास हे शहर ग्रीनिचच्या सातच तास पुढे असायला हवे. परंतु 1982 पासून तेथे आठ तास पुढची वेळ पाळली जाते आणि त्यामुळे सूर्य उगवायलाच सात वाजतात.

नकाशावर सर्वांत जवळची रेषा ओढली तर ती पुणे, सोलापूर आणि पुढे आंध्रच्या किनाऱ्यावरून बंगालच्या उपसागरात उतरते, निकोबार बेटांवरून जाते आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीवरून सिंगापूर गाठते. प्रत्यक्ष मार्ग हवामानाप्रमाणे थोडा सरकतो. जून ते सप्टेंबर या काळात दक्षिण भारतावर उंचावरून पूर्वेचे जोरदार वारे वाहत असल्याने जाताना ते समोरून येतात. म्हणून पावसाळ्यात पुढचे विमान पकडायचे असल्यास हाताशी थोडा अधिक वेळ ठेवावा.

रात्रीच्या विमानात झोप फारशी होत नाही, हे आधीच गृहीत धरावे. जेवणाचे ताट उचलले जाईपर्यंत दीड तास जातो आणि उतरण्याच्या तासभर आधी दिवे लागतात. उरते ती तीन तासांची डुलकी. शाकाहारी किंवा जैन जेवण किमान 24 तास आधी नोंदवावे. खिडकी मिळाली तर पहाटे सामुद्रधुनीत नांगरलेल्या जहाजांची रांग जरूर पाहावी.

खरी अडचण उतरल्यानंतरची आहे, कारण हॉटेलची खोली बहुधा दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. सामान हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवून बाहेर पडणे उत्तम. चांगी विमानतळालगतच्या ज्वेल संकुलातील 40 मीटर उंचीचा धबधबा पाहण्याचा मोह होतो, पण तो सकाळी लवकर सुरू नसतो. तो परतीच्या दिवसासाठी राखून ठेवावा. लहान मुले किंवा वृद्ध सोबत असतील, तर माझ्या मते दिवसाचे विमान थोडे महाग पडले तरी घ्यावे.

व्हिसाखेरीज आगमनाचे ऑनलाइन पत्रकही भरावे लागते. ते पोहोचण्याच्या दिवसासह आधीच्या तीन दिवसांतच भरता येते आणि सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहे, त्यामुळे त्यासाठी शुल्क मागणाऱ्यांपासून दूर राहावे. सामानात च्युइंगमची पाकिटे आणि ई-सिगारेट ठेवू नये.

परतताना हिशेब उलटा होतो. संध्याकाळी सातला निघालेले विमान मुंबईत रात्री सव्वादहाच्या सुमारास उतरते. पुण्याला किंवा नाशिकला जाणाऱ्यांनी त्यापुढे इमिग्रेशन, सामान आणि टॅक्सी यांसाठी दीड तास धरूनच रात्रीच्या गाडीचे आरक्षण करावे.